‘मध्यम’ म्हणवून घेणारा व्यापारी

आग्र्यात इ. स. १६१० नंतरच्या काळात एक तरुण जवाहिऱ्या रोज उधारीच्या कचोरीवर पोट भरत होता. जौनपूरहून वडिलांनी विश्वासाने सोपवलेला माल बुडाला होता. काही रत्ने हरवली, तूप, तेल आणि कापड यांच्या विक्रीतून हाती काही उरले नाही, आणि जे उरले ते खाण्यापिण्यात संपले. कनवटीला दमडी नव्हती. बाजारात जाऊन करण्यासारखे काही राहिले नव्हते, म्हणून तो दिवसा घरीच बसे आणि रात्री दहा-वीस माणसे जमली की त्यांना ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या कथा वाचून ऐकवी. श्रोत्यांतच एक कचोरीवाला होता.

काही महिने असे गेल्यावर या तरुणाने कचोरीवाल्याला एकांतात गाठले आणि खरे ते सांगून टाकले. आपल्याजवळ काहीही नाही, तेव्हा यापुढे उधार देण्यापूर्वी विचार करावा, असे तो म्हणाला. कचोरीवाल्याने उत्तर दिले की खाते वीस रुपयांपर्यंत गेले तरी चिंता नाही, खुशाल खावे, कोणी काही बोलणार नाही. पुढे दिवस पालटले तेव्हा हिशेब झाला. सात महिन्यांच्या कचोऱ्यांचे चौदा रुपये निघाले आणि ते चुकते झाले.

हा तरुण म्हणजे कविवर बनारसीदास. वरची हकिगत त्यांनी स्वतःच, सुमारे तीस वर्षांनी, पद्यात लिहून ठेवली. श्रीमाळ कुळातील या जैन व्यापाऱ्याचा जन्म जौनपूरला १५८६ मध्ये झाला. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, आग्र्यात त्यांनी ६७५ पद्यांत आपला जीवनवृत्तांत सांगितला. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशेदहा वर्षांचे मानले तर आपण अर्ध्यावर आलो, असा हिशेब करून त्यांनी ग्रंथाला ‘अर्धकथानक’ हे नाव दिले. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून त्याची गणना होते. महाराष्ट्राशी त्याचे एक नाते आहे. पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये संपादित केलेली त्याची आवृत्ती मुंबईच्या हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयातून निघाली.

त्या काळी बादशहांच्या बखरी लिहिल्या जात, साधुसंतांची चरित्रे लिहिली जात. हे चरित्र एका व्यापाऱ्याचे आहे, आणि तेही व्यापारात वारंवार अपयश आलेल्या व्यापाऱ्याचे. जैन घराण्यांत यशस्वी पूर्वजांच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. कोणत्या आजोबांनी लोटा घेऊन गाव सोडले आणि पेढी उभी केली, हे नातवंडांना तोंडपाठ असते. कोणत्या आजोबांची पेढी बसली, हे मात्र कोणी सांगत नाही. बनारसीदासांनी ते स्वतःच सांगितले. सांगताना त्यांनी ना कपाळ बडवून घेतले, ना दोष दुसऱ्यावर ढकलला. स्वतःच्या चुकांकडे पाहण्याची ही जी नजर आहे, तिला आजचे मानसशास्त्र ‘आत्मकरुणा’ म्हणते. आणि माणसाला आपल्या खऱ्या रूपात वावरता येणे या नजरेवर बरेच अवलंबून असते, असे अलीकडच्या अभ्यासांतून दिसते.

आत्मकरुणेची शास्त्रीय मांडणी अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये केली. त्यांच्या मते तिच्यात तीन गोष्टी येतात. संकटात किंवा अपयशात स्वतःशी कठोरपणे न वागता आपुलकीने वागणे, ही पहिली. आपली चूक ही जगात एकट्या आपल्याच वाट्याला आलेली लाजिरवाणी घटना नसून माणूस म्हटला की ती होतेच, हे ओळखणे, ही दुसरी. आणि दुःख झाकून न ठेवता, पण त्यात वाहूनही न जाता, ते आहे तेवढे पाहणे, ही तिसरी. या विचाराची मुळे त्यांना बौद्ध परंपरेत सापडली. जैन घरांत वाढलेल्या वाचकालाही तो परका वाटणार नाही.

पुढे २०१९ मध्ये जिया वेई झँग, सेरेना चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच अभ्यासांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांचा प्रश्न नेमका होता: स्वतःवर करुणा करणारा माणूस स्वतःशी अधिक प्रामाणिक असतो का? ज्यांच्या स्वभावात आत्मकरुणा अधिक, त्यांना आपण अस्सलपणे जगत आहोत असे अधिक वाटते, हे पहिल्या अभ्यासात दिसले. त्याहून बोलका दुसरा. त्यात असे आढळले की ज्या दिवशी माणूस स्वतःशी अधिक ममतेने वागतो, त्या दिवशी त्याला आपण अधिक खरे आहोत असेही वाटते. म्हणजे हा केवळ जन्मजात स्वभावाचा प्रश्न नाही. तोच माणूस सोमवारी मुखवटा घालून फिरतो आणि मंगळवारी तो उतरवू शकतो. असे का होते, याचाही शोध त्यांनी घेतला. एक कारण असे निघाले की आत्मकरुणेमुळे इतरांच्या प्रतिकूल मताचे भय कमी होते.

या भयाला आपल्याकडे तीन शब्दांत नाव आहे: लोक काय म्हणतील?

व्यापारी माणसाच्या बाबतीत हे भय निराधार नसते, हे येथे मान्य केले पाहिजे. पत हे त्याचे भांडवल आहे. पेढीला तोटा आल्याची कुणकुण लागली की दुसऱ्या दिवशी माल देणारा रोख मागतो आणि ठेवीदार दारात उभा राहतो. म्हणून बाजारात चेहरा राखण्याला व्यवहारात स्थान आहे. अडचण पुढे होते. बाजारासाठी घातलेला चेहरा रात्री घरी आल्यावरही उतरत नाही. पत्नीला सांगितले जात नाही, मुलाला सांगितले जात नाही, आणि हळूहळू स्वतःलाही सांगितले जात नाही. हातातली मालमत्ता गहाण पडेपर्यंत घरात सारे सुरळीत असल्याचा भास चालू राहतो. अशा घरांची उदाहरणे प्रत्येक गावाच्या बाजारपेठेत सापडतील.

बनारसीदासांच्या घरीही आरंभी असेच झाले. त्यांच्या नुकसानीची वार्ता जौनपुरात वडिलांना मुलाकडून कळली नाही. ती दुसऱ्याच्या पत्रातून कळली आणि घरात मोठा कल्लोळ झाला. पण आग्र्याहून निघून ते खैराबादला सासरी गेले, तेव्हा रात्री पत्नीने व्यापाराची चौकशी केली आणि अखेर त्यांची खरी स्थिती तिला कळली. तिने आपल्याजवळ जपून ठेवलेले वीस रुपये काढून दिले. मग गुपचूप आईशी बोलली, आणि आईने जावयासाठी दोनशे रुपये दिले. त्या पैशांवर पुन्हा माल घेऊन ते आग्र्याला गेले. कचोरीवाला आणि पत्नी, या दोघांपुढे त्यांची झाकली मूठ उघडली, आणि दोघांनीही त्यांना उधारी किंवा भांडवल दिले, हा योगायोग व्यापारी वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

येथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो कष्ट करून वर आलेल्या माणसाकडून येतो. स्वतःला असे गोंजारत बसले तर माणूस आळशी होईल. स्वतःला झोडपल्याशिवाय सुधारणा होत नाही, असे त्याचे म्हणणे असते. ज्युलिआना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांनी २०१२ मध्ये हे तपासून पाहिले. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दांची अवघड परीक्षा दिली गेली, जिच्यात अपयश येणे जवळजवळ निश्चित होते. त्यानंतर ज्या विद्यार्थ्यांना स्वतःकडे करुणेने पाहण्यास सुचवले होते, त्यांनी पुढच्या परीक्षेसाठी इतरांपेक्षा अधिक वेळ अभ्यास केला. स्वाभिमान वाढवणारे गोड शब्द ऐकलेल्या विद्यार्थ्यांपेक्षाही त्यांनी अधिक वेळ दिला.

हे का घडते, ते समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याचीही गरज नाही. ज्या पेढीचा मालक हिशेबातल्या एका चुकीवरून मुनीमजींवर चारचौघांत ओरडतो, त्या पेढीची वही कधीच खरी नसते. मुनीम चुकायचे थांबत नाहीत. चूक दाखवायचे थांबतात. कीर्दीत शंभराचा फरक आला तर तो कुठल्यातरी खात्यावर ढकलून दिला जातो, पुढच्या महिन्यात त्याचे पाचशे होतात आणि दिवाळीला ताळमेळ बसत नाही. जो मालक शांतपणे विचारतो, “फरक कुठे आला, बसून काढू या,” त्याची वही खरी राहते. माणसाच्या आत मालकही तोच असतो आणि मुनीमही तोच. आतला मालक क्रूर असेल तर आतला मुनीम खोटे लिहितो.

जैन आचार्यांना माणसाची ही लपवाछपवी किती बारकाईने ठाऊक होती, ते ‘आलोचने’च्या विवेचनात दिसते. आपल्या दोषांचे गुरूंपुढे सरळ निवेदन म्हणजे आलोचना. ‘स्थानांग’ या श्वेतांबर आगमात आणि ‘भगवती आराधना’ या शौरसेनी ग्रंथात, दोन्हींकडे, आलोचना करताना घडणारे दहा दोष सांगितले आहेत. ती यादी आज वाचली तरी हसू येते आणि लगेच चेहरा गंभीर होतो. कोणी आधी सेवाशुश्रूषा करून गुरूंचे मन द्रवते करतो आणि मग दोष सांगतो, म्हणजे प्रायश्चित्त हलके मिळावे. कोणी दुसऱ्याने पाहिलेलेच दोष तेवढे सांगतो. कोणी मोठेच सांगतो आणि बारीक वगळतो. कोणी उलट, बारीक बारीक दोष सांगतो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटावे की जो एवढेही लपवत नाही, तो मोठे काय लपवणार! कोणी इतक्या हळू आवाजात पुटपुटतो की ऐकू जाऊ नये, आणि कोणी नेमका गलबल्याच्या वेळी बोलतो. दोष सांगितल्याचे समाधानही हवे आणि कोणाला कळायलाही नको. संवत्सरीच्या दिवशी दूरध्वनीवरून दोनशे जणांना एकच ‘मिच्छामि दुक्कडम्’ पाठवून ज्या एकाची खरोखर क्षमा मागायची त्याला वगळणारा आजचा श्रावक या यादीत कोठे बसेल, हे ज्याने त्याने ठरवावे.

आलोचना कशी असावी, याचे उत्तर परंपरेने एका साध्या दृष्टान्तात दिले आहे. लहान मूल आईवडिलांना केलेले बरेवाईट जसे सरळ सांगते, तसे सांगावे. मूल असे केव्हा सांगते, हा विचार मात्र दृष्टान्ताच्या पलीकडे जाऊन केला पाहिजे. मार पडेल या धास्तीत असलेले मूल सरळ बोलत नाही. ते सरळ बोलते ते आईच्या मायेची खात्री असते तेव्हा. आर्जव, म्हणजे मनाचा सरळपणा, हा दशलक्षण धर्मांपैकी एक. तो अंगी यावा असे वाटत असेल तर आधी मनात अशी एक जागा असावी लागते, जेथे दोष घेऊन जाता येते.

उलट, झालेली चूक रात्रंदिवस घोळवत राहणे, ‘आपण असेच, आपल्याकडून काही होणार नाही’ असे म्हणत झुरणे, याला अनेक सत्शील माणसे पश्चात्ताप समजतात. शास्त्राच्या दृष्टीने ते आर्तध्यानाच्या अधिक जवळचे आहे. त्याने कर्माची निर्जरा होत नाही, उलट नवा बंध पडतो. अमृतचंद्राचार्यांनी ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ ग्रंथात हिंसेचा विचार करताना म्हटले आहे की कषायाच्या भरात असलेला जीव आधी स्वतःचाच घात करतो. दुसऱ्या प्राण्याचा घात मागाहून होवो वा न होवो. मुंगीवर पाय पडू नये म्हणून जपणारी माणसे स्वतःवरच्या या घावांची मोजदाद ठेवत नाहीत. श्रीमद् राजचंद्रांनी सोळाव्या वर्षी लिहिलेल्या ‘मोक्षमाळे’त दयेचे आठ प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत परदयेच्या बरोबरीने ‘स्वदया’ आहे. पुढे मुंबईत जवाहिराचा व्यापार केलेल्या या तरुणाची स्वदया म्हणजे स्वतःचे लाड नव्हेत. हा जीव अनादिकाळापासून मिथ्यात्वात भटकतो आहे, त्याला तत्त्व गवसलेले नाही, याचे भान ठेवून त्याला धर्माकडे वळवणे, असा तिचा अर्थ आहे. दोष नाकारावा असे त्यात कोठेही नाही. वाट चुकलेल्या जीवाविषयी कळवळा मात्र आहे.

बनारसीदासांचा तरुणपण पाहिला तर या कळवळ्याला वाव पुष्कळ होता. चौदाव्या वर्षी ते विद्याभ्यासापेक्षा प्रेमप्रकरणांत अधिक रमले, त्यासाठी वडिलांच्या घरातील जवाहीर चोरले. पुढे खैराबादला दुर्धर रोग जडला; अंगावर कोणी उभे राहीना तेव्हा पत्नी आणि सासू यांनीच सेवा केली, आणि एका न्हाव्याच्या औषधाने ते बरे झाले. शृंगाराचा एक हजार पद्यांचा ग्रंथ त्यांनी रचला होता. एके दिवशी मित्रांसह गोमतीच्या पुलावर बसले असता मनात आले की एक खोटे बोलणारा नरकात जातो, मग आपण तर खोट्याचा ग्रंथच लिहिला. आणि त्यांनी तो नदीत सोडून दिला.

सर्वांत गमतीची हकिगत संन्याशाच्या मंत्राची. कोणा संन्याशाने त्यांना एक मंत्र दिला. तो वर्षभर, कोणाला न सांगता, शौचकूपात बसून जपायचा. वर्ष पूर्ण झाल्यावर रोज दारात एक दीनार सापडेल, असे आश्वासन होते. या व्यापारीपुत्राने वर्षभर तसा जप केला, आणि ठरल्या दिवशी नाहून दारात शोध घेतला. दीनार नव्हता. चुकून दिवस मोजण्यात गल्लत झाली असेल म्हणून दुसऱ्या दिवशीही पाहिले. ही फजिती त्यांच्याखेरीज फारशी कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते गप्प बसले असते तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. त्यांनी ती लिहिली, आणि अशा सुरात लिहिली की वाचणाऱ्याला त्या मुलाची कीव येते, तिरस्कार येत नाही. लिहिणाऱ्यालाही तो आलेला नसावा.

परंतु ‘आपण जसे आहोत तसे’ या भावनेचा एक घसरडा उतारही आहे, आणि बनारसीदास त्यावरून घसरले होते. १६२३ मध्ये अरथमल ढोर या अध्यात्मप्रेमी गृहस्थांनी त्यांना ‘समयसारा’वरील राजमल्लांची टीका वाचायला दिली. आचार्य कुंदकुंदांच्या या ग्रंथात शुद्ध आत्म्याचे वर्णन आहे: तो ज्ञाता आहे, कर्मांनी अस्पृष्ट आहे. बनारसीदासांनी ते वाचले आणि आपण तोच, आजच, या क्षणी, असा अर्थ घेतला. मग सामायिक, प्रतिक्रमण, पूजा कशाला? व्रतनियम सुटले. तीन मित्रांसह मंडळी एका खोलीत वस्त्रे टाकून फिरू लागली आणि आपण मुनी झालो असे म्हणू लागली. एकमेकांच्या पगड्या ओढणे, जोडे मारणे, असले खेळ चालत. देवापुढचा नैवेद्यही त्यांनी खाल्ला. लोक नावे ठेवू लागले, आणि ही नावे ठेवणे अयोग्य होते असे बनारसीदास कुठेही म्हणत नाहीत.

हा प्रसंग आजच्या काळाला विशेष जवळचा आहे. ‘मी असाच आहे, मला आहे तसा स्वीकारा’ हे वाक्य आज विशीतल्या मुलांच्या तोंडी असते आणि पन्नाशीतल्या मालकांच्याही. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की मला बदलायचे नाही. हे अस्सलपण नव्हे. हीही एक बतावणीच आहे. आग्र्याच्या त्या खोलीत बनारसीदास जे रूप धारण करून नाचत होते, ते त्यांचे नव्हते. ते ग्रंथातल्या शुद्ध आत्म्याचे होते, आणि तेथवरची वाट त्यांनी चाललेली नव्हती. निश्चयनयाने आत्मा कसा आहे हे वाचून व्यवहारात आपण कोठे उभे आहोत हे विसरणे, हा दोष त्यांच्याकडून बारा वर्षे घडला. १६३५ मध्ये पंडित रूपचंद आग्र्यास आले, त्यांनी ‘गोम्मटसारा’चे वाचन केले, गुणस्थानांची पायरी-पायरीने चढण समजावली, आणि बनारसीदासांची दृष्टी स्थिर झाली. दुसऱ्याच वर्षी त्यांनी ‘समयसार नाटक’ पूर्ण केले. तो ग्रंथ आजही स्वाध्यायात वाचला जातो. जो ग्रंथ चुकीचा समजला, त्याच्याकडेच परत जाऊन त्यांनी तो बरोबर समजून घेतला. स्वतःला कायमचा नालायक ठरवून बसलेल्या माणसाकडून हे झाले नसते.

‘अर्धकथानका’च्या शेवटी त्यांनी आपल्या गुणदोषांची चक्क जमा-नावे मांडली आहे. जमेच्या बाजूला: देशभाषेत कविता चांगली करतात, संस्कृत-प्राकृत जाणतात, क्षमावान आहेत, संतोषी आहेत, बोलणे गोड, परस्त्रीच्या वाटेला जात नाहीत. नम्रतेचा आव आणून त्यांनी हे गुण लपवलेले नाहीत, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. नावे बाजूला: क्रोध, मान आणि माया पाण्यावरच्या रेघेएवढ्याच आहेत, पण लक्ष्मीचा मोह फार. जप, तप, संयम होत नाही. पूजा आणि दान यांत रुची नाही. थोडा लाभ झाला की हर्ष, थोडी हानी झाली की शोक. तोंडाने नको ते बोलताना लाज वाटत नाही. हसू आवरत नाही. खोट्या गोष्टी खऱ्या असल्यासारख्या रंगवून सांगतात. एकांत मिळाला की नाचतात. कधी कारण नसताना अचानक कसलेसे भय दाटून येते.

या यादीत मोठे आणि छोटे, पाहिलेले आणि न पाहिलेले, सारे एका ओळीत बसले आहे. आलोचनेच्या दहा दोषांशी ती ताडून पाहावी. पंचावन्न वर्षांचा, समाजात पंडित म्हणून मान असलेला गृहस्थ एकटा असताना नाचतो, हे कोणी पाहिले नव्हते. लक्ष्मीच्या मोहाची कबुली तर व्यापारी वाचकाला अधिकच जवळची वाटेल. बाकीचे तीन कषाय हलके झाले, हा एक राहिला, असा त्यांचा चोख हिशेब आहे.

त्यानंतर ते जगातल्या माणसांचे तीन वर्ग करतात. उत्तम ते, जे दुसऱ्याचे दोष झाकून गुण सांगतात आणि स्वतःचे गुण सोडून दोष सांगतात. अधम ते, जे याच्या उलट करतात. आणि जे आपले व दुसऱ्याचे गुणही सांगतात, दोषही सांगतात, ते मध्यम. आपल्यासारखे जीव या मध्यमांत येतात, असे सांगून ते मोकळे होतात. उत्तमांत बसण्यासाठी त्यांना आपले गुण लपवावे लागले असते. अधम म्हणवून घेण्यातही एक छुपा अभिमान असतो. स्वतःला सर्वांहून पापी म्हणणारा माणूसही स्वतःला सर्वांहून वेगळाच समजत असतो. मध्यमांची संख्या मोठी आहे, तेथे गर्दी आहे, आणि त्या गर्दीत उभे राहायला बनारसीदासांना संकोच वाटला नाही. नेफ यांनी सांगितलेल्या तीन गोष्टींतील दुसरी, आपण चारचौघांसारखेच माणूस आहोत हे ओळखणे, ती येथे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ आधी एका शब्दात येऊन बसली आहे.

या ग्रंथात केवळ फजितीच्या गोष्टी आहेत असे मात्र समजू नये. बनारसीदासांची तीन लग्ने झाली. नऊ अपत्ये झाली, सात पुत्र आणि दोन कन्या, आणि नऊही गेली. ग्रंथ लिहिला तेव्हा घरात पतिपत्नी दोघेच उरली होती. पानगळीनंतरच्या झाडांसारखी स्थिती झाली, असे ते लिहितात. एका पुत्राच्या मृत्यूनंतर शोक आवरत नव्हता, मोहाची पकड विद्वानालाही सुटत नाही, अशा आशयाची कबुलीही येते. इतके अध्यात्म वाचलेल्या माणसाने रडू नये, अशी अपेक्षा लोकांची असते आणि पुष्कळदा त्या माणसाचीही असते. घरात मृत्यू झाला की तिसऱ्या दिवशी ‘आत्मा अमर आहे, शोक कसला’ असे समजावणारे नातलग प्रत्येक कुटुंबात असतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण ज्याला अश्रू ढाळायलाही परवानगी लागते, तो पुढे कोणत्या गोष्टी मोकळेपणाने बोलणार? बनारसीदासांनी दुःख लिहिले आणि त्याच्याच पुढे परिग्रहाविषयी तत्त्वाचे दोन शब्दही लिहिले. दोन्ही खरे होते, म्हणून दोन्ही ठेवले.

एकशेदहा वर्षांचा त्यांचा अंदाज चुकला. व्यापारातले बरेच अंदाज चुकले होते, त्यातलाच हा एक. ग्रंथ पूर्ण झाल्यानंतर दोन-एक वर्षांतच, १६४३ च्या सुमारास, त्यांचे निधन झाले असे मानले जाते. उरलेली अर्धी कथा लिहायची राहिली. कचोरीवाल्याचे चौदा रुपये मात्र वेळेवर फिटले होते.